गळक्यांचा तरणतलाव

तरणतलाव तरला होता.

तलावात कुणी तरलं, असं म्हणत नाही मी. उद्घाटन व्हायचं होतं, पाण्यात पाय बुडवायलाही अजून कुणाला मिळालं नव्हतं. खुद्द तलावच तरला होता. नव्या उद्यानातला तो निळ्या फरशीचा तलाव, ज्याच्यापायी आमच्या घरात दोन वर्षं दुसरा विषय निघाला नव्हता, तो एका रात्रीत जमिनीतून वर आला होता. खोल बाजूचा काठ भोवतालच्या फरसबंदीपेक्षा चांगला वीतभर उंच उभा होता. कडेच्या फरश्या उचकटल्या होत्या आणि उतरायची चकचकीत शिडी दारुड्यासारखी कलली होती.

फाटकाशी ही गर्दी. ज्या धावपट्टीवर धावायला या म्हणून शाळेने घरोघरी सांगून पाहिलं, तिच्यावर आज सगळं गाव धावत होतं. कुणी वहाणा हातात घेऊन, कुणी लेकरू खांद्यावर टाकून. बास्केटबॉलच्या खांबावर माणसं चढली होती. लोक तलावाच्या काठाला हात लावत आणि तो हात डोळ्यांना लावत. आमच्या शेजारच्या काकू परीक्षेला बसणाऱ्या नातवाचं डोकं त्या काठावर घासत होत्या, आणि नातू आपला टोचतंय, टोचतंय म्हणून कुरकुरत होता.

या सगळ्याच्या मधोमध, उंच झालेल्या काठावर मांडी घालून भूमीबाबा बसले होते. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली, उजवा कान जमिनीकडे. बाबांचं भांडवल म्हणजे तो कान. ते म्हणायचे, भूमी बोलते, मी फक्त ऐकतो. आता भूमी यांच्याच कानात का बोलते, आणि नेहमी यांच्या सोयीचंच कसं बोलते, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याकडे लोक असे बघायचे, जणू त्याने घरातली दुधाची पातेली उलथली.

बाबांनी डोळे उघडले आणि खर्जात म्हणाले, "मी सांगितलं होतं. भूमी हा हौद पोटात ठेवणार नाही. ओकून टाकील."

आणि खरंच, त्यांनी सांगितलं होतं. तेच तर सगळं दुखणं होतं.

मी कोण ते सांगते. मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी, एक कापायचं टेबल, आणि कापडापेक्षा गप्पा जास्त. त्या दिवसांत माझ्याकडे शाळेतल्या मुलींचे पोहण्याचे पोशाख शिवायला होते. ते ताणणारं कापड म्हणजे डोक्याला ताप, सुई टाके गाळते आणि शिवण नागमोडी जाते. त्यात आया येऊन सांगणार, बाही कोपरापर्यंत हवी, खालचं गुडघ्यापर्यंत हवं, आणि हो, पोरीला पोहताही आलं पाहिजे. मी म्हटलं, बायांनो, एवढ्या कापडात मी तंबू शिवते, त्यात बसून पोहा. पण शिवले. नणंदेची आज्ञा होती.

माझी नणंद, म्हणजे वन्सं, शाळेत विज्ञान शिकवतात. माझ्यापेक्षा लहान, पण गावात त्यांचा दरारा असा की रस्त्यात दिसल्या की मोठमोठे बाप्ये चालता चालता पाढे आठवतात. हे उद्यान त्यांच्यामुळे झालं. गावाबाहेर एक जुनी दगडाची खाण आहे, पाण्याने भरलेली. उकाड्यात पोरं तिथेच डुंबायची. वन्संच्या वर्गात एक मुलगी होती, सारखी प्रश्न विचारणारी. एकदा वन्संनी वर्गात लोखंडाचं जहाज का तरंगतं ते शिकवलं, तेव्हा तिने विचारलं, "बाई, एवढं जड जहाज तरंगतं, मग माणूस का बुडतो?" घंटा झाली होती. वन्सं म्हणाल्या, पुढच्या तासाला सांगते. पुढच्या तासाला ती नव्हती. मधल्या सुट्टीत ती खाणीवर गेली होती.

त्यानंतर वन्सं दुसरं काही बोलेचनात. पोरांना पाण्यापासून दूर ठेवता येत नाही, म्हणून त्यांना पाणी शिकवलं पाहिजे, एवढंच. या कचेरीतून त्या कचेरीत चपला झिजवल्या. शेवटी उद्यान मंजूर झालं: धावपट्टी, खेळाची मैदानं, लहानांसाठी उथळ तळं आणि मोठा तरणतलाव. बांधकामावर मुकादम कोण, तर आमचे हे. म्हणजे बहिणीने मागितलं आणि भावाने बांधलं.

आमच्या ह्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. सासरे गवंडी होते. हात सोन्याचा, पण आयुष्यात एकदा, एकाच घराचं छप्पर त्यांच्या हातून गळलं. झालं. गावाने त्यांचं नाव ठेवलं 'गळके मिस्त्री'. नंतर शंभर छपरं त्यांनी घट्ट बांधली, कुणाच्या लक्षात नाही. मी लग्न होऊन आले तर पहिल्या दिवशी लोक विचारतात, गळक्यांची सून का? म्हणून आमच्या ह्यांना गळती म्हटलं की अंगावर काटा येतो. घरातला नळ ठिबकला तर माणूस जेवणावरून उठतो.

तर तलाव बांधून झाला, भरला, निळाशार दिसायला लागला आणि मग भूमीबाबा उगवले. मोटारीतून आले, सोबत एक चेला. मैदानात कान टेकला आणि जाहीर केलं की या हौदाने भूमी घुसमटली आहे, ती तो ओकून टाकील. गावाच्या समितीचे अध्यक्ष आधी हसले. अध्यक्ष म्हणजे भला माणूस, पण शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटतं. बाबा शेवटी बोलले. म्हणाले, हौद रिकामा करा, तळ कोरडा करा, मी तळात बसून भूमीला विचारतो. तिने हौद ठेवून घेतला तर मी निघून जाईन. नाही ठेवला तर तुम्ही माझं ऐकायचं. तसंही पाणी थोडं हिरवट व्हायला लागलं होतं, उद्घाटनाआधी बदलायचंच होतं. अध्यक्षांना वाटलं, आपलंही काम होतंय. वन्सं नेमक्या तेव्हा मुलांच्या स्पर्धा घेऊन बाहेरगावी गेलेल्या.

पाणी उपसताना मी तिथे होते. पंप लावला तर तो नुसता घुरघुरे, पाणी काही फेकेना. कामगार त्याला लाथा घालतायत, आमचे हे घामाघूम. बाबा काठावर समाधी लावून बसलेले. न राहवून त्यांनी एक डोळा उघडला आणि अगदी वेगळ्याच, रोजच्या बाजारातल्या आवाजात म्हणाले, "अरे, हवा धरलीय त्याने. पाइपाच्या तोंडाचा फूट-व्हॉल्व्ह पाण्याच्या वर आलाय, खाली दाब." आणि पुन्हा डोळे मिटले. कामगाराने पाइप खाली दाबला, पंपाने भसाभसा पाणी खेचलं, आणि लोकांनी बाबांचा जयजयकार केला. मला मात्र गंमत वाटली. भूमीला पंपातलं बरंच कळतं म्हणायचं.

पाऊस नुकताच सरला होता, विहिरी काठोकाठ होत्या. तलाव कोरडाठाक झाला. बाबा तळात बसून एक दिवस भूमीशी बोलले, दुसऱ्या दिवशी बोलले, आणि त्यानंतरच्या सकाळी तलाव वर आला होता.

बाबांचा निकाल तयारच होता. हौद मातीने भरायचा. वर ध्यानमंडप. कपडे बदलायच्या ज्या खोल्या बांधल्यात, त्यांत बाबांचा मुक्काम. खोल्यांना नळ, पंखे, फरशी सगळं होतंच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते असं. समितीची बैठक दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तलावाकाठी ठरली, आणि मातीचे दोन ट्रक त्याआधीच फाटकाशी येऊन थांबले.

त्या दुपारी वन्सं बाहेरगावाहून थेट आमच्या घरी आल्या. पिशवी खांद्यावरच. मला वाटलं होतं माणूस हादरलेलं असेल, तर त्या संतापलेल्या. आमचे हे कोपऱ्यात बसले होते. गंमत म्हणजे तलाव उठल्यापासून ह्यांना एक प्रकारचं हायसं वाटल्यासारखं दिसत होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, देवाची करणी, आपल्या हातात काय आहे. आधी मला कळेना, एवढं कष्टाने बांधलेलं काम उखडलं आणि हा माणूस सुस्कारे कसले सोडतोय. मग कळलं. देवाची करणी म्हटलं की गवंड्याची करणी कुणी विचारत नाही.

वन्संनी एकच विचारलं. "दादा, खोल बाजूच्या तळाला जाळीचं एक भोक असतं. ते उघडं होतं ना?"

ह्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. चष्मा नाकावर होता. कसलं भोक, म्हणाले, तसलं काही नव्हतं. आणि जेवायला वाढलेलं ताट तसंच टाकून बाहेर गेले. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस खोटं बोलला की काय करतो हे मला पाठ आहे, तो नाकावरचा चष्मा शोधतो. मी मनात म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. तेव्हा मला माहीत नव्हतं की ते अक्षरशः मुरतंय.

वन्संनी माझ्याकडे कापड भिजवायचा मोठा टब मागितला आणि बटणांचा पत्र्याचा डबा. बटणं मी ओच्यात घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तलावाकाठी बसायला जागा नव्हती. बाबा काठावर, चेला मागे, समिती खुर्च्यांवर, आणि आमचे हे पार त्या टोकाला, शिडीच्या आड. बाबांनी सुरुवात केली. भूमी आई आहे, आईच्या पोटात कुणी हौद घालतं का? भूमी तीन प्रकारे बोलते: थरथरून, तडकून आणि उचलून. थरथरली ते मी ऐकलं, तडकली ते तुम्ही फरशीवर पाहिलं, आणि उचललं ते साऱ्या जगाने पाहिलं. ज्यांच्या घरात भिंतींना भेगा आहेत त्यांनी नंतर मला वेगळं भेटावं. हे ऐकून निम्मं गाव आपापल्या भिंती आठवायला लागलं. भेग नाही असं घर कुठलं?

मग अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. वन्संनी टब पुढे आणला.

टबात बांधकामावरची ओली वाळू होती. वन्संनी बटणांचा रिकामा डबा त्या वाळूत काठापर्यंत पुरला, अगदी तलावासारखा. मग तांब्याने वाळूत हळूहळू पाणी ओतायला लागल्या. ओतलं, काही नाही. आणखी ओतलं, काही नाही. मागून कुणीतरी खिदळलं, बाईंनी भातुकली मांडलीय. आणि मग एकाएकी वाळू सैल झाली आणि डबा टुणकन वर आला, एक बाजू उंच, एक खाली. हुबेहूब समोरच्या तलावासारखा.

खिदळणं थांबलं. वन्संनी डबा पुन्हा पुरला, या वेळी त्यात पाणी भरलं, आणि पुन्हा वाळूत पाणी ओतलं. डबा जागचा हलला नाही.

वन्सं शांतपणे, वर्गात सांगतात तसं सांगत होत्या. जमिनीखाली पाणी असतं. पावसानंतर ते वर चढतं. आत्ता आपल्या विहिरी काठोकाठ आहेत, म्हणजे या तलावाच्या चारी बाजूंना आणि खाली पाणीच पाणी आहे. रिकामं पातेलं पाण्यात दाबून धरा, ते वर उसळतं. रिकामा तलाव म्हणजे मोठं पातेलं, काँक्रीटचं असलं तरी. भरलेला होता तोवर आतल्या पाण्याचं वजन त्याला दाबून धरत होतं. ते वजन तुम्ही बाबांच्या सांगण्यावरून उपसून टाकलंत. जमिनीने ओकलं नाही. पाण्याने ढकललं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांची मान हलायला लागली होती, कारण शेवटी बोलल्या होत्या वन्सं. पण बाबाही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते हसले.

"बाई, डबा तरला हे खरं. पण मग जगातले सगळे तलाव का तरत नाहीत? पाणी बदलायला सगळीकडे रिकामे करतातच की."

वन्सं म्हणाल्या, तेवढ्यासाठीच शहाणी माणसं तळात एक भोक ठेवतात. वर जाळी, आत एकाच बाजूने उघडणारी झडप. तलाव रिकामा असताना खालचं पाणी फार दाबायला लागलं, की ते त्या भोकातून आत येतं, दाब सुटतो आणि तलाव जागेवर राहतो.

"छान," बाबा म्हणाले. "दाखवा भोक."

सगळ्या माना तळाकडे वळल्या. खोल बाजूचा तळ सपाट, गुळगुळीत, निळा. जाळी नाही, भोक नाही, काही नाही. कुणीतरी शिडीने उतरून हात फिरवून पाहिला आणि वर ओरडला, काही नाही.

बाबांनी दोन्ही हात पसरले. भोक नाही तर दाब कसला आणि झडप कसली? पुस्तकातली विद्या पुस्तकात राहते. लोकांच्या मनात आलेली शंका विरली, पुन्हा हात डोळ्यांना लागायला लागले. अध्यक्षांची मान आता दुसऱ्या दिशेने हलत होती. म्हणाले, मग माती टाकायला हरकत नाही. फाटकाशी एका ट्रकने इंजिन चालू केलं.

वन्सं टबाशेजारी तशाच उभ्या होत्या, हातात रिकामा तांब्या. इतक्या वर्षांत मी त्यांना वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या शिडीकडे बघत होत्या. भावाकडे. नाव घेतलं असतं तर त्यांच्या बापाचं नाव पुन्हा चव्हाट्यावर आलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही, ह्यांनाही. घरी पुढच्या खोलीत ते पोशाख घडी करून ठेवलेले होते, कोपरापर्यंत बाही, गुडघ्यापर्यंत खाली, आणि मला वाटलं, आता ते घालून पोरी पुन्हा खाणीवरच जाणार.

आमच्या ह्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग कामगाराच्या पेटीतून छिन्नी आणि हातोडा घेतला आणि तिरक्या शिडीने खाली उतरायला लागले.

खोल बाजूला, तळाच्या मधोमध उभे राहून त्यांनी वर पाहिलं. गाव काठावर दाटीवाटीने वाकलेलं.

"भोक इथे होतं," हे म्हणाले. "मी बुजवलं."

आवाज फार मोठा नव्हता, पण रिकाम्या तलावात तो घुमला. मग त्यांनी सगळं सांगितलं. तलाव भरायच्या आधी एकदा जोराचा पाऊस झाला, तेव्हा या जाळीतून आत पाणी यायला लागलं. कामगार हसले, म्हणाले, गळक्यांचा हौद गळायला लागला. इंजिनियर साहेबांनी जाळी नकाशात दाखवली होती, पण कशासाठी ते ह्यांनी विचारलं नाही, कारण विचारलं तर हसतील. न गळणारं सिमेंट कोंबलं, वर फरशी बसवली. तलाव उठला तेव्हा त्यांना त्या भोकाची आठवण झाली होती, पहिल्याच क्षणी. पण बाबांनी भूमीवर ढकललं, आणि ह्यांनी ढकलू दिलं.

"माझ्या बापाचं छप्पर पाणी आत आल्याने बदनाम झालं," हे म्हणाले. "माझा तलाव पाणी आत येऊ न दिल्याने उखडला. आता हसा."

आणि ह्यांनी फरशी फोडली. खाली सिमेंटचा गोळा लागला, त्यावर छिन्नी धरून हातोडा घातला. एक घाव, दुसरा घाव, मग आतून काहीतरी फुसफुसलं आणि गढूळ पाण्याचं कारंजं ह्यांच्या कमरेएवढं उसळलं. चष्मा उडाला, टोपी उडाली, माणूस नखशिखांत भिजला. तळात पाणी पसरायला लागलं. जमिनीखालचं पाणी, ज्याच्याबद्दल वन्सं बोलत होत्या, ते सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत आत येत होतं.

बाबांनी तरीही सोडलं नाही. म्हणाले, पाहा, भूमीचे अश्रू. पण आता लोक पाण्याकडे बघत होते, बाबांकडे नाही. मला राहवलं नाही. मी काही विज्ञान शिकलेली नाही, पण जिभेला धार आहे.

"बाबा," मी विचारलं, "भूमी फूट-व्हॉल्व्ह म्हणते की तुम्ही?"

ज्यांनी त्या दिवशी पंपाची गंमत पाहिली होती ते खुसखुसले. वन्संनी कान टवकारले. काय झालं होतं ते मी सांगितलं, हवा धरल्यापासून पाइप दाबण्यापर्यंत. वन्संच्या चेहऱ्यावर उत्तर सापडल्याचा उजेड पडला. त्या बाबांना म्हणाल्या, पावसानंतर रिकामी टाकी उठते, हे दोनच प्रकारच्या माणसांना पक्कं माहीत असतं. एक इंजिनियर, आणि दुसरे घराघरांतल्या संडासाच्या टाक्या पंपाने उपसणारे. त्यांना नेहमी सांगितलेलं असतं, पावसात टाकी पार कोरडी करू नका, वर येईल. "इंजिनियर तर तुम्ही दिसत नाही."

बाबांची नजर मोटारीकडे गेली. आणि मागचा चेला, जो इतका वेळ पुतळ्यासारखा उभा होता, तो घाबरून पुढे वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजला, "मामा, गाडी काढू का?"

मग मात्र गाव फुटलं. मामा! भूमीचा एकुलता एक श्रोता, आणि चेला निघाला सख्खा भाचा. आमच्या शेजारच्या काकू, ज्यांनी नातवाचं डोकं घासलं होतं, त्याच सगळ्यांत मोठ्याने म्हणाल्या, मामाने आपल्याला चांगलंच मामा बनवलं. भाच्याने पुढे कबूल केलं की मामा पूर्वी उपशाच्या गाडीवर होता, एका गावी अशीच एक टाकी वर आली, लोक नमस्कार करायला लागले, आणि मामाच्या डोक्यात प्रकाश पडला. इथे विहिरी काठोकाठ, आणि तळात जाळी दिसत नाही, हे त्याने भरल्या तलावात डोकावूनच हेरलं होतं. भूमीकडे कान आणि तळाकडे डोळा, असं ते गणित. मामाला कुणी हात लावला नाही, वन्संनी लावू दिला नाही. अध्यक्षांनी त्याला चौकीवर नेऊन बसवलं आणि जबाब द्यायला लावला. मोटार मात्र स्वतःच्याच बळावर सुरू झाली नाही, ढकलावी लागली. ढकलताना लोक विचारत होते, भूमी का ढकलत नाही.

तलाव पूर्ण जागेवर बसला नाही, हे खरं सांगायला हवं. इंजिनियर आले, आमच्या ह्यांना बोलले, ह्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मग ह्यांनी विचारलं की जाळी कशासाठी हे काम सुरू करताना एका वाक्यात का सांगितलं नाही, तेव्हा इंजिनियरांनीही मान खाली घातली. खालच्या पोकळीत सिमेंट भरलं, नवी जाळी आणि झडप बसवली, भेगा सांधल्या, मग तलाव भरला. एक कोपरा तरीही चार बोटं उंच राहिला. पाणी सपाट आणि काठ तिरका, बघणाऱ्याला लगेच दिसतं. पोरं त्याला मामाचा कोपरा म्हणतात. ते मातीचे ट्रक मैदान सपाट करायला कामी आले.

लोक अजून आम्हाला गळकेच म्हणतात, नाव काही जात नाही. पण ह्यांनी स्वतःच्या हाताने रंगवून तलावाशी पाटी लावलीय: 'तळातलं जाळीचं भोक बुजवू नये. हुकमावरून, गळके.' नवीन माणूस वाचतो आणि विचारतो, हे काय प्रकरण? मग त्याला कुणीतरी सगळी गोष्ट सांगतं. मला ते आवडतं. बुजवून ठेवलेल्या गोष्टीपेक्षा पाटीवर लिहिलेली बरी.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यातून घ्यायचं काय? जमीन कुणाशी बोलत नाही बाबांनो. पाणी ढकलतं, काँक्रीट तडकतं, पंप हवा धरतो, आणि प्रत्येकाला कारण असतं. कारण विचारायला लाज वाटली की तिथे बाबा उगवतो. आमच्या ह्यांना विचारायची लाज वाटली, गावाला शंका घ्यायची लाज वाटली, आणि त्या दोन लाजांवर एक उपशाचा माणूस दोन दिवस देव होऊन बसला. म्हणून डोक्यातही तसलं एक भोक उघडं ठेवावं. शंका आत येत राहिली की माणूस जागेवर राहतो. बुजवलं, की अख्खं गाव उठतं.

तलाव आता रोज सकाळी पोरांनी भरलेला असतो. आमचे हे उथळ बाजूला नाक धरून उभे असतात, कारण तलाव बांधणाऱ्याला पोहता येत नाही हे गावाला तलाव सुरू झाल्यावरच कळलं. वन्सं सगळ्यांना पहिल्याच तासाला सांगतात, माणूस बुडतो का आणि तरतो कसा. पुढच्या तासावर काही ठेवत नाहीत. आणि शिकून तयार झालेल्या मुलांनी एक रीत पाडलीय. सकाळी जो पहिला खोल बाजूला सूर मारतो, त्याने तळाशी जाऊन जाळीला हात लावायचा आणि वर येऊन सांगायचं.

काल पहिला सूर खाणीत गेलेल्या त्या मुलीच्या धाकट्या बहिणीने मारला. अंगावर मी शिवलेला पोशाख, कोपरापर्यंत बाही. बराच वेळ ती खाली होती. वन्सं काठावर उभ्या होत्या, मी त्यांचा हात धरला. मग पाणी फुटलं, डोकं वर आलं, केस तोंडावर चिकटलेले, दात बाहेर.

"बाई," ती म्हणाली, "उघडं आहे."